अँटिबायोटिकने प्रतिकारशक्ती ‘आळशी’ होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही प्राथमिक शाळेत शिक्षिका आहात, वय चौतीस. जूनपासून घसा, सर्दी, खोकला यासाठी चार वेळा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. दोनदा अझिथ्रोमायसिन, एकदा अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनेट, एकदा सेफिक्सिम. तरी दर महिन्याला काहीतरी होतंच. जाऊबाई म्हणतात, ‘औषधांनी तुझं शरीर आळशी झालंय, आता ते स्वतः लढतच नाही.’ पुढच्या आठवड्यात फ्लूची लस घ्यायची आहे आणि सध्या अझिथ्रोमायसिन चालू आहे, तर लस पुढे ढकलावी का, हेही तुम्ही विचारलंय.

घाईचं उत्तर आधी देतो. लस पुढे ढकलू नका. इंजेक्शनने देतात त्या फ्लूच्या लसीचं आणि अझिथ्रोमायसिनचं एकमेकांशी काही वाकडं नाही. अंगात चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा, एवढंच.

जाऊबाईंच्या म्हणण्याला मात्र एका शब्दात उत्तर देता येत नाही. शरीर आळशी होत नाही, हे नक्की. पण अँटिबायोटिकचा आणि प्रतिकारशक्तीचा काही संबंधच नाही, असंही नाही. संबंध आहे, तो तीन-चार वाटांनी आहे, आणि कोणतं औषध, किती दिवस, कोणत्या वयात आणि कशासाठी, यावर तो चांगला की वाईट हे ठरतं. शिवाय तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक, अँटिबायोटिक प्रतिकारशक्तीचं काय करतं? आणि दुसरा, मी सारखी आजारी का पडते? पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं आटोपशीर आहे, पण तुमच्या कामाचं तेच आहे. दोन्ही देतो.

औषधाने जंतू मरतात आणि आपण बरे होतो, हे अर्धंच चित्र झालं. बहुतेक वेळा औषध जंतूंची संख्या आटोक्यात आणतं आणि उरलेलं निस्तरायचं काम पांढऱ्या पेशी करतात. अलेक्झांडर फ्लेमिंग या गोष्टीच्या मागे पेनिसिलीन सापडायच्या कितीतरी आधीपासून होता. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समधल्या बुलोनच्या लष्करी रुग्णालयात काम करत होता. तेव्हा सैनिकांच्या जखमांत सढळ हाताने जंतुनाशकं ओतत. फ्लेमिंगने दाखवून दिलं की खोल जखमेत ही रसायनं जंतूंपर्यंत नीट पोचत नाहीत; उलट जखमेत धावून आलेल्या पांढऱ्या पेशींचाच जीव घेतात. म्हणून १९२८ मध्ये बुरशीचा तो रस हाती लागल्यावर त्याने जे जे तपासलं, त्यात पांढऱ्या पेशीही होत्या. त्यांना इजा होत नाही, असं त्याने १९२९ च्या निबंधात नोंदवून ठेवलं. म्हणजे जाऊबाईंची शंका पेनिसिलीनइतकीच जुनी आहे, आणि खुद्द ते शोधणाऱ्याच्या मनातही ती होती.

ज्याच्या अंगात पांढऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत अशा रुग्णाच्या खाटेशी उभं राहिलं की त्यांची किंमत कळते. रक्ताच्या कॅन्सरसाठी केमो झालेली असते, सीबीसी या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट चार-पाचशेवर आलेला असतो, ताप १०३. न्यूमोनियाचा दाट संशय, पण एक्स-रे जवळजवळ स्वच्छ. खोकला आहे, कफ नाही. सलाईनच्या सुईची जागा दुखतेय, लाल झालीय, पण पू म्हणून नाही. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी; त्याच नसतील तर पू यायचा कुठून? अशा रुग्णाला आमच्याकडची जबर औषधं शिरेतून दिली तरी जीव टांगणीलाच असतो. मग काही दिवसांनी काउंट चढायला लागतो, ताप उतरतो, रुग्ण जेवण मागतो, आणि बरेचदा नेमका तेव्हाच एक्स-रे बिघडतो. नातेवाईक तो काळा-पांढरा फोटो घेऊन धावत येतात. त्यांना समजवावं लागतं की हे पांढरे डाग म्हणजे पेशी कामावर रुजू झाल्याची खूण आहे.

याच कारणाने हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग किंवा मेंदूज्वर अशा ठिकाणी, जिथे पांढऱ्या पेशींचा हात नीट पोचत नाही, तिथे जंतूंची नुसती वाढ थांबवणाऱ्या औषधांवर आम्ही भिस्त ठेवत नाही. थेट मारणारी निवडतो. झडपेच्या बाबतीत तर ती आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात.

आता शरीर लढायचं सोडून देतं का, ते. जंतू आत शिरल्यावर पहिल्या काही तासांतच पांढऱ्या पेशी भिडलेल्या असतात. तुम्ही दवाखान्यात येता तेव्हाचा ताप, सूज, ठणका हा बराचसा त्यांचाच उद्योग असतो. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि त्यासाठी जंतू जिवंत असायलाच हवेत असं नाही, त्यांचे तुकडेही पुरतात. कित्येक लसींत तेवढंच तर असतं. त्यामुळे गोळ्या घेतल्या म्हणून शरीर काही शिकलंच नाही, असं होत नाही.

तरी इथे एक खाच आहे, आणि तीच संबंधाची पहिली वाट. औषध फार लवकर आणि फार झटपट लागू पडलं, तर शरीराला जंतूची ओळख थोडी कमी होऊ शकते. टायफॉईडमध्ये हे जुन्या डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. १९४८ मध्ये टायफॉईडवर क्लोरॅम्फेनिकॉल वापरात आलं, मृत्यू धडाधड कमी झाले. पण ताप उतरून पंधरा-वीस दिवसांत पुन्हा उलटण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही, उलट जरा वाढल्यासारखंच दिसलं. त्याची जी कारणं सांगितली गेली त्यांत एक हेही होतं, की प्रतिकारशक्ती पुरती तयार व्हायच्या आत जंतू दबले. म्हणून काय टायफॉईडला औषध देऊ नये? तसं म्हणणाऱ्याने औषध नसतानाचा टायफॉईड पाहिलेला नसतो. आतड्याला भोक पडून रुग्ण दगावण्यापेक्षा ताप एकदा उलटलेला परवडला.

आणि कधीकधी प्रतिकारशक्तीला जंतू फार वेळ दिसू न देणं हाच उपचार असतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरला आणि तो तसाच राहिला, तर त्या जंतूविरुद्ध बनलेली शस्त्रं काही मुलांमध्ये हृदयाच्या झडपांवर चालून जातात. संधिवाताचा ताप म्हणतात तो हाच. सांधे सुजतात, बरे होतात, झडप मात्र कायमची खराब होते. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू झालं तर हे बहुतांशी टळतं. एकदा हा ताप येऊन गेलेल्यांना दर तीन आठवड्यांनी कमरेत पेनिसिलीनचं ते दुखरं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, ते याचसाठी. इथे आपण प्रतिकारशक्तीला जाणूनबुजून कमी संधी देतो, आणि झडप वाचते.

दुसरी वाट अगदी उलट्या दिशेची आहे, आणि तिच्यामुळे लोक औषध अर्ध्यावर सोडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जंतू मरायला लागले की त्यांचे तुकडे सगळीकडे पसरतात आणि प्रतिकारशक्ती एकदम खवळते. मानेतल्या गाठींचा टीबी घ्या. नवीन लग्न झालेली मुलगी, मानेला सुपारीएवढी गाठ, सुईने तपासणी होऊन टीबी ठरतो, गोळ्या सुरू होतात. महिना-दीड महिन्याने ती येते तेव्हा गाठ दुप्पट झालेली असते, शेजारी दोन नवीन आलेल्या असतात, एखादी फुटून वाहत असते. वजन मात्र दोन-तीन किलो वाढलेलं, भूक लागतेय, संध्याकाळचा ताप गेलेला. घरच्यांचं म्हणणं एकच: औषध लागू पडत नाही, बदला. अर्थात औषधाला दाद न देणारा टीबी नाही ना, हे तपासावंच लागतं. पण बऱ्याच वेळा हा निव्वळ मेलेल्या जंतूंवरचा दंगा असतो. गोळ्या चालू ठेवायच्या. काहींना थोडे दिवस स्टिरॉइड लागतं, काहींची गाठ सुईने रिकामी करावी लागते.

कुष्ठरोगात तर हे रोजचं आहे. आपल्याकडे चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही ‘रिअॅक्शन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन ही तीन औषधांची पद्धत १९८२ पासून आहे. जंतू मरतात, पण कधी उपचार चालू असताना आणि कधी संपल्यावरही अंगावर लालबुंद दुखऱ्या गाठी उठतात, नसा सुजतात, हात-पाय लुळे पडायची वेळ येते. ते काम जंतूंचं नसतं, आपल्याच पेशींचं असतं. उपचार म्हणून स्टिरॉइड देतात, आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या थांबवत नाहीत. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत लेप्टो होतो, त्यातही पेनिसिलीनच्या पहिल्या डोसनंतर काही तासांत थंडी वाजून ताप उसळू शकतो. जंतूंमुळे झालेल्या मेंदूज्वरात अँटिबायोटिकच्या आधी किंवा बरोबरच डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, त्यामागेही हेच गणित आहे: जंतू फुटतील तेव्हा होणारी सूज मेंदूला झेपणारी नसते.

तिसरी वाट तुमच्या जवळची आहे, कारण अझिथ्रोमायसिन त्याच वाटेवर बसतं. काही अँटिबायोटिक जंतूंना तर मारतातच, शिवाय आपल्या पेशींनाही परस्पर काहीतरी सांगतात. हे जपानमध्ये लक्षात आलं. तिथे श्वासनलिकांच्या टोकांना सूज येऊन रुग्ण हळूहळू कफात बुडत जातो असा एक आजार होता; पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १९७० च्या दशकात साठ-पासष्ट टक्के. १९८० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी अझिथ्रोमायसिनच्याच घराण्यातलं एरिथ्रोमायसिन अगदी कमी मात्रेत, पण महिनोन् महिने द्यायला सुरुवात केली आणि ते प्रमाण नव्वदीच्या पुढे गेलं. गंमत अशी की या रुग्णांच्या कफात स्यूडोमोनास नावाचा जंतू असायचा आणि त्याला तेवढ्या एरिथ्रोमायसिनने काहीही होत नव्हतं. जंतू तिथेच, रुग्ण मात्र सुधारतोय! म्हणजे औषध सुजेवर काम करत होतं: पांढऱ्या पेशींना फुफ्फुसात बोलावणारे रासायनिक निरोप कमी होत होते.

त्याच आधारावर आज वारंवार दम उखडणाऱ्या सीओपीडीच्या (फुफ्फुसातल्या श्वासमार्गांचा जुनाट आजार) ठरावीक रुग्णांना आम्ही अझिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम रोज किंवा आठवड्यातून तीनदा अशा मात्रेत लांब मुदतीसाठी देतो. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत वर्षभर रोज ही गोळी घेणाऱ्यांचा दम कमी वेळा उखडला, पण काहींची ऐकण्याची क्षमताही थोडी कमी झाली. म्हणून आधी ईसीजी, कानांची चौकशी, आणि कफात टीबी किंवा त्याच्या भावकीतले जंतू नाहीत ना, याची खात्री करावी लागते. डॉक्सिसायक्लिनचंही असंच. २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे जंतू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेत, ते हिरड्यांच्या आजारात वापरतात, कारण ऊतक कुरतडणारी विकरं (एन्झाइम) त्याने रोखली जातात. आणि कुष्ठरोगातलं डॅप्सोन त्वचारोगतज्ज्ञ कुष्ठरोग मुळीच नसलेल्या रुग्णांना, काही विशिष्ट फोडांच्या आजारांत, बिनदिक्कत देतात.

हे वाचून ‘मग अझिथ्रोमायसिन चांगलंच की’ असं वाटेल. करोनाच्या काळात नेमकं तेच वाटलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक किटमध्ये ही गोळी होती. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत साडेसात हजारांहून अधिक दाखल रुग्णांवर ती पडताळून पाहिली, २०२१ मध्ये निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत, रुग्ण लवकर घरीही गेले नाहीत. त्याही आधी, २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी वेगळाच इशारा दिला होता. मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना फुफ्फुसाचा एक उपद्रव टाळण्यासाठी दीर्घकाळ अझिथ्रोमायसिन दिलं, तर त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. प्रतिकारशक्ती शांत करणं एका आजारात वरदान असतं आणि दुसऱ्यात घात. तुमच्या साध्या सर्दीत ते दोन्हीपैकी काहीच नसतं.

अस्थिमज्जेबद्दल एवढंच: काही औषधं थेट रक्तपेशींच्या कारखान्यावर परिणाम करतात. लिनेझोलिड दोन आठवड्यांहून लांबलं की प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरू शकतात, म्हणून औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत सीबीसी पुन्हा पुन्हा करतात. क्लोरॅम्फेनिकॉल मागे पडलं त्यालाही क्वचित होणारी पण जीवघेणी अशीच एक गोष्ट कारणीभूत होती. तुम्ही घेतलेल्या तीन औषधांच्या पाच-सात दिवसांच्या कोर्समध्ये असं होणं अतिशय दुर्मीळ.

उरली चौथी वाट, पोटाची. जाऊबाईंच्या बोलण्यात तथ्य असेल तर ते इथे आहे.

मोठ्या आतड्यात जीवाणूंची जी वस्ती असते ती आपल्या प्रतिकारशक्तीशी सतत देवाणघेवाण करत असते. ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही तो हे जीवाणू पचवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत २०१३ मध्ये दिसलं की प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) वाढायला याच आम्लांची मदत होते. शिवाय एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी या जीवाणूंनी आतड्यातली जागा धरून ठेवलेली असते. अँटिबायोटिकने रुमाल उचलले गेले की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखे उपटसुंभ येऊन बसतात. अँटिबायोटिकनंतर पाण्यासारखे जुलाब, पोटात मुरडा, ताप, विशेषतः म्हाताऱ्या आणि दवाखान्यात राहून आलेल्या माणसाला, हे अंगावर काढू नये. बायकांना कोर्सनंतर खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव होतो, तोही याच जातीचा प्रकार. फक्त तिथे रिकाम्या जागेवर बुरशी बसते.

ही वस्ती पुन्हा उभी राहते का? बरीचशी राहते. २०१८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन जबर अँटिबायोटिक दिली. दीड महिन्यात वस्ती जवळपास पहिल्यासारखी झाली. पण आधी सगळ्यांकडे असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही सापडत नव्हत्या. ती औषधं आयसीयूतल्या तोलामोलाची होती, अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांचा परिणाम त्याहून बराच हलका असतो. तरी एक वस्ती सावरायच्या आत दुसरा, मग तिसरा कोर्स, असं झालं की सावरायला वेळ कमी मिळतो. चार महिन्यांत चार कोर्स मला म्हणूनच खटकतात.

आणि लस? यावर २०१९ मध्ये अमेरिकेतला एक छोटा पण नेटका प्रयोग आला. निरोगी प्रौढांना फ्लूच्या लसीच्या आधी आणि आसपास पाच दिवस तीन अँटिबायोटिकचं मिश्रण दिलं. आतड्यातले जीवाणू दहा हजार पटींनी घटले. ज्यांच्या अंगात फ्लूविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासून होत्या, त्यांच्यात लसीला मिळालेल्या प्रतिसादात फारसा फरक पडला नाही. ज्यांच्या अंगात त्या फारच कमी होत्या, त्यांच्यात काही अँटिबॉडी कमी बनल्या. तुम्ही रोज चाळीस पोरांच्या शिंकांत उभ्या असता, फ्लूशी तुमची जुनी ओळख आहे. शिवाय तुमचं औषध त्या मिश्रणाच्या पासंगालाही पुरणारं नाही. म्हणून म्हटलं, लस घ्या. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: तोंडाने घ्यायची टायफॉईडची जी जिवंत जीवाणूंची लस आहे ती अँटिबायोटिक चालू असताना घेऊ नये, कारण गोळी लसीतले जीवाणूच मारते.

या विषयात सरळ तर्क किती फसतो, याचं एक उदाहरण वेल्लोरचं आहे. आपल्या देशात पोलिओचे तोंडी थेंब काही बाळांना कमी लागू पडायचे. कल्पना अशी की आतड्यात रोगजंतू बुजबुजलेले असतात म्हणून लस रुजत नाही. आधी अझिथ्रोमायसिन देऊन ते साफ केले तर? सातशेहून जास्त बाळांवर ही चाचणी झाली, २०१६ मध्ये निष्कर्ष आले. रोगजंतू कमी झाले, लस मात्र होती तेवढीच लागली. तेव्हा ‘अमुक जंतू मेले म्हणून प्रतिकारशक्ती वाढली किंवा घटली’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर जरा सबुरीने घ्या.

लहान मुलांत मात्र मी जास्त जपून असतो. पहिल्या एक-दोन वर्षांत ही वस्ती आणि प्रतिकारशक्ती एकत्रच घडत असतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात बाळांना अँटिबायोटिक देणं कमी झालं तसतसं लहान मुलांत दम्याचं निदानही कमी होत गेलं, असं २०२० मध्ये दिसलं. यात कार्यकारण किती आणि योगायोग किती हे वेगळं काढणं अवघड. ज्या बाळाला पुढे दमा व्हायचाच असतो ते आधीपासून घरघरतं आणि त्यालाच जास्त औषधं मिळतात. पण विनाकारण देऊ नये म्हणायला एवढा संशय मला पुरे आहे. तुमच्या घरी लहान बाळ असेल तर तुमची उरलेली गोळी त्याला अर्धी करून देण्याचा विचारही नको.

आता तुम्ही. दर महिन्याला आजारी का पडता? ताई, तुम्ही पहिली-दुसरीच्या वर्गावर आहात. लहान मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं हे आमच्या हिशेबी तंदुरुस्तीतच बसतं, प्रौढाला दोन-तीन. पावसाळ्यात शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी जातो. या बहुतेक सर्द्या विषाणूंच्या. त्यांना अँटिबायोटिक लागूच पडत नाही. मग गोळी घेतल्यावर बरं का वाटतं? चौथ्या दिवशी तुम्ही कंटाळून दवाखान्यात जाता, सहाव्या-सातव्या दिवशी सर्दी तिच्या तिच्या वेळेने ओसरते, श्रेय गोळीला. खोकला तर अडीच-तीन आठवडे रेंगाळतो, म्हणून ‘पहिली लागू पडली नाही’ म्हणत दुसरी, जास्त ‘पॉवरची’ येते. कफ पिवळा-हिरवा झाला की जंतू झाले, हा समजही सोडा. तो हिरवटपणा पांढऱ्या पेशींमधल्या एका विकराचा रंग असतो. विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी कफ तसाच दिसतो.

म्हणजे माझा अंदाज असा, की गोळ्यांमुळे तुम्ही आजारी पडत नाही आहात. आजारी पडता म्हणून गोळ्या मिळतात, आणि त्यातल्या बहुतेक लागत नव्हत्या. अंदाज म्हणतोय, कारण तुम्हाला तपासलेलं नाही. चारपैकी एखाद्या वेळी टॉन्सिलवर पू होता, मानेत दुखऱ्या गाठी होत्या, खोकला अजिबात नव्हता आणि ताप चढला होता, तर ते अँटिबायोटिक रास्त होतं. सायनसचं दुखणं दहा दिवसांहून लांबलं किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तरीही.

प्रतिकारशक्ती खरंच कमी आहे की काय, असा संशय आम्ही कधी घेतो? वर्षात दोनदा एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया झाला, खोलवरचे गळू वारंवार झाले, तोंडात पांढरी बुरशी जाता जात नाही, वजन घटतंय, किंवा दरवेळी शिरेतून औषध दिल्याशिवाय बरंच होत नाही. नुसत्या सर्दी-खोकल्यावरून नाही. तरी तुमच्या जागी मी रक्तातली साखर आणि सीबीसी करून घेईन. पस्तिशीच्या आत न कळलेला मधुमेह आता काही नवलाचा राहिलेला नाही. ‘सर्दी’ खरी सर्दी आहे की अॅलर्जी, हेही पाहायला हवं: ताप नाही, डोळे-नाक खाजतं, खडूच्या धुळीत शिंका येतात, रात्री छातीत शिट्टी वाजते, असं असेल तर उपचाराची दिशाच बदलते. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकीची टीबीसाठी तपासणी करा, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. आणि त्या काळात कुणी लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर ‘टीबी तपासून झालाय का?’ असं जरूर विचारा. त्या औषधाने टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

दह्या-ताकाबद्दल विचारणार असाल तर खुशाल घ्या. मेडिकलमधल्या महागड्या प्रोबायोटिकची मात्र गरज नाही. २०१८ मध्ये इस्रायलमध्ये झालेल्या अभ्यासात अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळ वस्ती परत यायला उलट जास्त वेळ लागला. भाकरी, उसळ, पालेभाजी यांवर माझा जास्त विश्वास आहे.

सध्या चालू असलेली अझिथ्रोमायसिन माझ्या सांगण्यावरून बंद करू नका. ज्यांनी तपासून दिली त्यांना फोन करून ‘ही जंतूंसाठीच आहे ना?’ एवढं विचारा. पुढच्या वेळी घसा धरला की मेडिकलवाल्याकडून परस्पर स्ट्रिप घेऊ नका. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. दवाखान्यात जाताना मागच्या चारही चिठ्ठ्या, असल्यास रक्ताचे रिपोर्ट, आणि दरवेळी ताप किती व किती दिवस होता हे एका कागदावर लिहून न्या. तेवढ्यावरून कुठलाही बरा फिजिशियन तुम्हाला माझ्यापेक्षा नेमकं उत्तर देऊ शकेल.